नंबर नसलेला जॉब

"हे तू केलेलं नाहीस," हिरुगडे सर म्हणाले.

माझा जॉब त्यांनी खिडकीच्या उजेडात डोळ्यासमोर धरला होता. आयटीआयच्या फिटर ट्रेडला हाताने घडवलेल्या प्रत्येक तुकड्याला आम्ही जॉबच म्हणायचो, आणि हा दुसऱ्या वर्षातला सगळ्यात अवघड. लोखंडी पट्टीचे दोन तुकडे. एकात चौकोनी खाच, दुसऱ्याला तसाच चौकोनी उंचवटा. एक दुसऱ्यात बसला पाहिजे, उलटा फिरवूनही बसला पाहिजे, आणि उजेडाला धरला तर सांध्यातून उजेड येता कामा नये. हे सगळं पट्टी व्हाइसच्या पकडीत आवळून, कानशीने, हाताने. मला अकरा दिवस लागले होते. तळहातावरचे फोड फुटून त्यावर दुसरे फोड आले होते.

"उजेड येतोय का सर?" मी विचारलं.

"न्हाई येत. तेच म्हणतोय मी. तीस पोरांत एकाचा असा बसला नाही, आणि तुझा बसतोय? आप्पानं करून दिला काय घरी?"

आमचे आप्पा गावातल्या तेलाच्या गिरणीत फिटर होते. सगळ्यांना ठाऊक होतं.

"इथंच केलाय सर. खिडकीजवळच्या व्हाइसवर. अकरा दिवस तुमच्यासमोरच होते मी."

"माझ्यासमोर एकतीस जण असत्यात. तुझ्याकडंच बघत बसू काय?"

पोरं हसली. सरांना हसवायला आवडायचं. मी हसले नाही, पण रडलेही नाही, एवढं त्या दिवसाचं माझ्याकडे जमेला आहे.

"निदान मोजून तरी बघा सर."

"माझा डोळा हाच व्हर्निअर," ते म्हणाले. हे त्यांचं पेटंट वाक्य. व्हर्निअर म्हणजे मिलिमीटरचे पन्नास भाग करून मोजणारं हत्यार. ते त्यांच्या टेबलाच्या खणात होतं, डबीत, आणि डबीवर बोटभर धूळ होती. दोन वर्षांत मी ते बाहेर निघालेलं पाहिलं नव्हतं. ते जॉब बघायचे, मग पोराच्या तोंडाकडे बघायचे आणि मार्क सांगायचे.

सांगायचे कुणाला, तर मला. माझं अक्षर बरं म्हणून वर्गाचं सेशनल रजिस्टर मीच लिहायची. वर्षभरातल्या प्रत्येक जॉबचे मार्क त्यात चढायचे. त्या दिवशी त्यांनी माझेच मार्क मला सांगितले.

"एकतीस नंबर. साठापैकी एकवीस. शेऱ्यात लिही, काम स्वतःचे नाही."

मी पेन धरून बसले.

"लिही की गं. लिहिता येतंय न्हवं? का तेबी आप्पा करतोय?"

मी लिहिलं. माझ्या हाताने, माझ्या नावासमोर. ते तीन शब्द लिहिताना अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं, कारण मी दात आवळून लिहीत होते.

जॉब झाला की त्याच्या कडेवर हातोडीने पोराचा नंबर ठोकायचा, असा नियम होता. नंबर पंच म्हणतात त्याला, टोकावर आकडा असलेले पोलादी तुकडे. एकदा नंबर बसला की तो जॉब त्या पोराचा. सरांनी माझ्या जॉबवर एकतीस ठोकला नाही. "ज्याचं काम न्हाई त्याचा नंबर न्हाई," म्हणाले, आणि जॉब कपाटात टाकला.

ही अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरातली गोष्ट. त्या मार्कांवर माझं काय अडलं होतं तेही सांगते. आमच्या तालुक्यात एक पंपाचा कारखाना होता. दरवर्षी फेब्रुवारीत त्यांचे अधिकारी यायचे, सेशनल रजिस्टर आणि जॉब बघायचे आणि एक फिटर, फक्त एक, ॲप्रेंटिस म्हणून घेऊन जायचे. तिथे शिरला तो माणूस म्हणून उभा राहिला. मला ती जागा हवी होती. नाही मिळाली तर मी सोलापूरला जायचं, हे घरात ठरलं होतं. तिथे थोरल्या बहिणीला तीन मुलं होती, चौथं यायचं होतं, आणि माझे मेहुणे म्हणाले होते, "शालनला पाठवा, तेवढीच घरात मदत." आप्पांनी त्यांना फेब्रुवारीपर्यंत थांबा म्हणून सांगितलं होतं. आप्पा जन्मात एवढं एकदाच कुणाला थांबा म्हणाले असतील.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सर मार्क सांगत होते आणि मी लिहीत होते.

"बारा नंबर. सत्तावन्न."

बारा नंबर म्हणजे रणधीर. सरांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. पोरगा वाईट नव्हता, पण त्याच्या हातात कानस द्यायची म्हणजे माकडाच्या हातात वस्तरा द्यायचा. त्याचा पहिला जॉब एका बाजूने उताराला लागला होता. सत्तावन्न कुठून?

टेबलावर जॉब होता. कडेवर १२ ठोकलेला, ताजा, चकचकीत. मी तो उचलला. खाचेच्या आतल्या कोपऱ्यात कानस पोचत नाही, म्हणून तिथे आधी ड्रिलने बारीक भोक पाडून ठेवतात. या जॉबचं डाव्या कोपऱ्यातलं भोक अर्धा मिलिमीटर वर सरकलं होतं.

ती माझी चूक. ड्रिल मशीनचा पट्टा सैल होता, मला माहीत होतं, तरी मी घाई केली आणि बिट सरकलं. सगळ्या जॉबमध्ये एवढीच एक खोट होती आणि अकरा दिवस ती माझ्या डोळ्यात सलत होती. आपलं चांगलं काम माणूस एक वेळ ओळखणार नाही. चूक ओळखतो.

"काय बघतीस?" सर म्हणाले.

"काही नाही सर. छान झालाय."

"मग. पोरगा सुधारलाय."

त्या क्षणी मला राग आला असं म्हणणं कमीच आहे. तो राग गार होऊन पुढचा दीड महिना आत तसाच राहिला. मी ओरडले असते तर काय झालं असतं? नंबर बाराचा, रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात शेरा, आणि समोर सरांचा डोळा. मी जॉब टेबलावर परत ठेवला.

आता आमच्या शॉपमधली, म्हणजे वर्कशॉपमधली, एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. वर्षाला लोखंडी पट्टी यायची ती तिघांत एक पुरेल एवढीच. म्हणून पोरं एकमेकांचा जॉब वापरायची. एकाचे मार्क पडले की तो जॉब दुसरा घ्यायचा, पहिल्याचा नंबर कानशीने घासून काढायचा, आपला ठोकायचा आणि सरांपुढे न्यायचा. सरांना कळत नव्हतं असं नाही. सगळ्यांचे मार्क चांगले पडले की शॉपचं नाव होत होतं, मग कोण बोलतंय. पंचाची पेटी सरांच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली रणधीरच्या खिशात.

अडचण एकच होती. नंबर घासून काढणं दिसतं तेवढं सोपं नाही. कड गोल होते, खड्डा पडतो, लगेच कळतं.

आठ दिवसांनी रणधीर माझ्या व्हाइसजवळ आला. सोबत सात नंबरवाला.

"शालन, जरा बारा घासून देतीस? याला पाहिजे जॉब. आम्ही घासला की कड वाकडी व्हायलीय. तुझा हात चांगला आहे."

माझा हात चांगला आहे. त्याच जॉबवर, तोच पोरगा मला सांगत होता, आणि त्याच्या तोंडावर लाज म्हणून नव्हती. मला वाटतं त्याला खरंच माहीत नव्हतं तो जॉब कुणाचा ते. मामाने कपाटातून काढून दिला, याने घेतला.

"उद्या देते," मी म्हणाले.

घरी आप्पा अंगणात सायकलची साखळी साफ करत बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, साखळीवरून हात फिरवत.

"तुझाच हाय म्हणून कसं दाखवणार?" ते म्हणाले. "नंबर तर न्हाई तुझा."

"ते नंतर बघू. आधी त्यांचा नाही हे दाखवायचंय. पण नंबर घासला की खूण उरत नाही."

आप्पा हसले. मिशीतल्या मिशीत.

"कोण म्हणतंय? आकडा ठोकला की खालचं लोखंडबी दबतंय. वरनं घासलं तरी दाब आत राहतोय. चोरीच्या इंजनाचा नंबर घासत्यात, तर पोलीस काय करत्यात म्हाइत हाय? तेजाब लावत्यात पाण्यातनं. दबलेलं लोखंड वेगळं जळतंय. आकडा परत वर येतोय, भुतावाणी."

"किती घासेपर्यंत येतो?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता विचारतील कशाला. विचारलं नाही.

"आकडा दिसायचा बंद झाला की थांबायचं," ते म्हणाले. "केसभरबी जास्त न्हाई."

मी केसभरही जास्त घासलं नाही.

दोन तुकडे, प्रत्येकाला बाहेरच्या तीन कडा, एकूण सहा. सात नंबरवाल्याला मी म्हणाले, "त्याच कडेवर ठोकू नकोस, माप जाईल. या दुसऱ्या बाजूला ठोक." त्याला ते फार शहाणपणाचं वाटलं. त्याच्यानंतर बावीस नंबर आला. त्याला तिसरी कड. मग नऊ, मग सोळा. सगळे माझ्याकडेच यायचे. "शालनकडं द्या, ती घासती." मी घासायची. कड अशी सपाट, की सरळपट्टी लावली तरी खाली उजेड नाही. जन्मात मी इतकं मन लावून काम केलं नव्हतं. एकेक आकडा पुसताना मी तो मनात लिहून ठेवायची.

आणि रजिस्टरही मीच लिहीत होते.

"सात नंबर. चौपन्न."

"सर, मापाच्या रकान्यात काय लिहू? रिकामा राहतोय. साहेब लोक विचारतील."

"पंच्याहत्तर लिही. सगळ्यांचं पंच्याहत्तरच हाय."

"पॉइंट शून्य शून्य?"

"लिही की. त्याला काय हुतंय."

मी लिहिलं. ७५.००. पाचही जणांच्या नावापुढे, टप्पोऱ्या आकड्यात. खाली सरांची सही. सर सही करताना दुसऱ्याशी बोलत असायचे, कागदाकडे बघायचे नाहीत. ते त्यांचं सगळ्याच बाबतीत होतं. आमच्या प्रॅक्टिकलच्या वह्यांवरही. रोज काय काम केलं, काय चुकलं, हे लिहून वही त्यांच्याकडे द्यायची आणि ते वाचल्याशिवाय खाली लाल सही ओढायचे. पोरं तर कधी कधी वहीत सिनेमाची नावं लिहायची. त्यालाही सही.

या सगळ्यात एकच पोरगा माझ्याकडे आला नाही. बसगोंडा. एकोणीस नंबर, कर्नाटकच्या सीमेवरच्या खेड्यातला, घरी म्हशी राखून यायचा. त्याचा जॉब भयंकर होता. सांध्यातून उजेड काय, उंदीर जाईल असली फट. मार्क चौतीस.

"तू का नाही घेत तो जॉब?" मी त्याला एकदा विचारलं. "सगळे घेतायत. मी घासून देते."

"असू दे," तो म्हणाला. "वाकडा असला तरी माझा हाय."

मला तेव्हा तो मूर्ख वाटला.

कारखान्याचे साहेब फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी येणार होते. बुधवारी रणधीर परत आला. आता जॉबवर सोळा होता.

"हा शेवटचा," तो म्हणाला. "सोळा काढ आणि परत बारा ठोकायचाय. मामा म्हणतोय साहेबांना हाच दाखवायचा."

सहावी कड उरलीच होती. मी सोळा घासला, त्याने बारा ठोकला. जॉबला मी तेलाचा हात फिरवून दिला, चांगला चमकवून. दुसऱ्या दिवशी आप्पांनी ओळखीच्या सोनाराकडून तेजाबाची छोटी तपकिरी बाटली आणली. मी ती फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवली, आणि सोबत प्रॅक्टिकलची वही.

साहेबांचं नाव रेगे. साठीच्या घरातले, बारीक, बोटं काळी पडलेली. त्या बोटांवरून मी ओळखलं की हा माणूस खुर्चीत जन्मलेला नाही. त्यांनी रजिस्टर उघडलं, पान पान वाचलं. सरांनी फडक्यावर ठेवून जॉब पुढे केला.

"हा आमचा पहिला नंबर, साहेब. रणधीर. सत्तावन्न."

रेग्यांनी जॉब बसवला, उलटा करून बसवला, खिडकीकडे धरला. बराच वेळ.

"सुंदर," ते म्हणाले.

कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं होतं, आणि ते दुसऱ्याला म्हणालं होतं.

मग त्यांचं बोट माझ्या नावावर थांबलं. वर्गात एकच मुलगी, म्हणून असेल.

"शालन मगदूम कोण?"

मी पुढे झाले.

"एकवीस. आणि हा शेरा. घरून करून आणलास का गं?"

"साहेब, तो जॉब तुमच्या हातातच आहे."

सर हसले. "साहेब, पोरगीचं डोकं जरा..."

"थांबा," रेगे म्हणाले. "म्हणजे काय?"

"यावर बारा आहे. पण याच्या बाकीच्या पाच कडांवर पण नंबर होते. घासलेत. तेजाब लावलं की दिसतील." मी बाटली टेबलावर ठेवली.

रेग्यांनी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे तुला कुणी सांगितलं?"

"आमचे आप्पा तेलाच्या गिरणीत फिटर आहेत."

त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. रॉकेलने कडा पुसल्या, एका काडीला कापूस गुंडाळला, पाण्यात तेजाब मिसळलं आणि पहिल्या कडेवरून हळूहळू फिरवायला लागले. पोरं जवळ सरकली. एक मिनिट गेलं, दोन गेली. कड काळवंडली, आणि त्या काळ्यात एक उभी रेघ उमटली, मग शेजारी दोनाची मान.

"बारा," रेगे म्हणाले. "पुन्हा बारा. बरं."

दुसरी कड. सात. तिसरी, बावीस. मग नऊ. मग सोळा. प्रत्येक आकड्याला ते रजिस्टर बघत होते आणि मोठ्याने वाचत होते. "सात नंबर, चौपन्न मार्क, माप पंच्याहत्तर पॉइंट शून्य शून्य. बावीस नंबर, बावन्न, पंच्याहत्तर पॉइंट शून्य शून्य." मी सरांच्या तोंडाकडे बघत होते. दीड महिना ज्याची वाट पाहिली ते बघायला नको? त्यांच्या कानाच्या पाळ्या आधी लाल झाल्या, मग पांढऱ्या.

"व्हर्निअर द्या," रेगे म्हणाले.

सरांनी खण उघडला. डबीवरची धूळ त्यांच्या बाहीला लागली. रेग्यांनी डबीकडे पाहिलं, फुंकर मारली, आणि माप घेतलं.

"चौऱ्याहत्तर पॉइंट सहा. हिरुगडे, पाच पोरांना तुम्ही एका जॉबवर मार्क दिलेत, आणि एकदाही मोजलेला नाही. कशावर दिले मार्क?"

"अनुभवानं अंदाज येतोय साहेब..."

"मुलांना काय येतं याचा?"

सरांना एक फट सापडली आणि ते त्यात घुसले. "पण साहेब, हिचा नंबर कुठाय यात? सगळे नंबर निघाले, एकतीस हाय का? ही म्हणती माझा जॉब. कशावरनं?"

मी याच प्रश्नाची वाट बघत होते. मी वही काढली, नऊ डिसेंबरचं पान उघडलं आणि रेग्यांसमोर ठेवलं. त्यांनी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"'आज खाचेच्या कोपऱ्यातली भोकं पाडली. ड्रिलचा पट्टा सैल असताना घाई केली. डावीकडचं भोक अर्धा मिलिमीटर वर गेलं. चूक माझी.' खाली सही." त्यांनी जॉब उजेडाला धरून डावा कोपरा पाहिला, व्हर्निअरचं टोक लावलं. "अर्धाच आहे. हिरुगडे, ही सही तुमची?"

"हो, पण..."

"वाचून केलीत?"

यावर काय उत्तर देणार होते? हो म्हणाले तर जॉब माझा, हे त्यांना नऊ डिसेंबरपासून माहीत होतं. नाही म्हणाले तर त्यांच्या कुठल्याच सहीला अर्थ नव्हता. ते खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभे राहिले, आणि मला वाटलं, आणखी थोडा वेळ राहा असेच.

"पंचाची पेटी आणा," रेगे म्हणाले. "आणि हिचा नंबर ठोका. तुम्ही ठोका."

रणधीरने खिशातून किल्ली काढून दिली. सरांनी कपाट उघडलं, तीनाचा पंच लावला, हातोडी मारली. तीन नीट बसला. एकाचा पंच लावला तेव्हा ते पंचाकडे न बघता रेग्यांकडे बघत होते. एक वाकडा बसला, उजवीकडे कलून.

"सोमवारी सकाळी आठला कारखान्यावर ये," रेगे मला म्हणाले. "वडिलांना घेऊन ये."

झालं. माझी जागा. सोलापूर नाही, मेहुणे नाहीत. मी मान हलवली.

रेगे जॉब फडक्यात गुंडाळत होते. गुंडाळता गुंडाळता त्यांचा अंगठा कडेवरून फिरला, आणि थांबला. त्यांनी पुन्हा फिरवला. मग दुसऱ्या कडेवरून.

"एक मात्र आहे," ते म्हणाले. "नंबर ज्याने घासलेत, त्याचा हात फार चांगला आहे. पाचही कडा एकदम सपाट." त्यांनी रणधीरकडे पाहिलं. "तूच ना? जॉब तुझ्याकडे होता. अरे, एवढं येतं तर चोरी कशाला करतोस? तुझं बघू आपण पुढच्या वर्षी."

रणधीरने मान खाली घातली. नाही म्हणाला नाही. हो पण म्हणाला नाही.

मी गप्प बसायचं होतं. आजवर हजार वेळा मी स्वतःला हे सांगितलंय. दहा सेकंद गप्प बसायचं होतं फक्त, साहेब दारातून गेले असते. पण पुन्हा माझं काम, पुन्हा त्याचं नाव, आणि ते पण माझ्यासमोर.

"मी घासलंय ते," मी म्हणाले.

रेगे वळले.

"पाचही?"

"पाचही. त्याला येत नाही. त्याच्याच्याने कड सपाट होत नाही."

"तुला माहीत होतं हा जॉब तुझा आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"किती दिवस झाले?"

"दीड महिना."

"सगळं माहीत असताना तू घासून देत होतीस."

"माहीत होतं म्हणूनच देत होते. वेगवेगळ्या कडेला ठोकायला मीच सांगितलं. रजिस्टरात पॉइंट शून्य शून्य पण मीच लिहायला लावलं."

मी अभिमानाने सांगत होते. मला तेव्हा वाटत होतं, आता ते पुन्हा सुंदर म्हणतील.

त्यांनी फडकं टेबलावर ठेवलं.

"माझ्याकडे पंप बनतात," ते म्हणाले, अगदी हळू. "चूक दिसली की त्याच दिवशी सांगणारा फिटर मला लागतो. कोण बुडेल त्याची वाट बघत चूक जपून ठेवणारा नको. हात तुझा पहिला आहे. पण मला तुला घेता येणार नाही."

मग त्यांनी रजिस्टर पुन्हा उघडलं आणि वरून खाली बोट आणत आणत एकोणीस नंबरवर आले.

"हा बसगोंडा कोण? चौतीसवाला? तुझा जॉब आण."

बसगोंडाने पिशवीतून आपला जॉब काढला. रेग्यांनी उजेडाला धरला. फटीतून पलीकडचं झाड दिसत होतं.

"तुझाच आहे?"

"व्हय साहेब," बसगोंडा म्हणाला, लाजून. "आणि कुणाचा असणार."

हिरुगडे सरांची बदली पंधरा दिवसांत झाली, कोकणातल्या कुठल्याशा संस्थेत. ज्या दिवशी त्यांची ट्रंक रिक्षात चढली, त्या दिवशी मी मुद्दाम गेटपाशी जाऊन उभी राहिले. त्यांनी मला पाहिलं. मला त्यांनी पाहावं म्हणूनच गेले होते. दुसऱ्या आठवड्यात मी सोलापूरच्या गाडीत बसले आणि पुढची सहा वर्षं बहिणीची पोरं वाढवली. आप्पा मला एकदाही काही बोलले नाहीत. फक्त निघताना, मी घरी आणलेला तो जॉब फडक्यात बांधून त्यांनी माझ्या पिशवीत ठेवला.

पश्चात्ताप होतो का, असं लोक विचारतात. होतो, कधी कधी, कणीक मळताना वगैरे व्हायचा. पण सरांच्या कानाच्या पाळ्या आठवल्या की जायचा. अजून जातो.

नंतर मी खूप उशिरा शिकले, परीक्षा दिल्या, आणि आता एकवीस वर्षं झाली, मी स्वतः आयटीआयमध्ये निदेशक आहे. फिटरचीच. तो जॉब माझ्या टेबलावर असतो. मुलं विचारतात, "मॅडम, एकतीसातला एक वाकडा का?" मी सांगते, "तो माझा नाही. ती सरांची चूक आहे."

माझ्या टेबलावर व्हर्निअर उघडाच असतो. आणि मुलांच्या वह्या मी रोज घरी नेते, एकूण एक ओळ वाचते, मग सही करते. आमचे प्राचार्य सगळ्या स्टाफला माझं उदाहरण देतात. म्हणतात, "मगदूम मॅडमसारखं मुलांवर प्रेम पाहिजे."

प्रेम वगैरे काही नाही. वर्गात माझ्यासारखी एखादी बसलेली असेल, म्हणून वाचते.